हयात असल्याबद्दल

रुवीत, शिंप्याच्या दुकानावरच्या कॅफेटेरियात
शुक्रवारी साडेआठला आम्ही जमतो.
मस्कतला तेव्हा सुट्टी असते
आणि तिकडे, दीड तास पुढे, कचेरी उघडलेली.
साहेब जागेवर असलेच तर दहा वाजता असतात.

आम्ही सात जण. मुलांच्या व्हिसावर आलेले,
सुनांच्या वेळापत्रकात बसवलेले.
झुलेखा परकार, जिल्हा परिषदेची नर्स, दापोली.
जन्मभर लोकांच्या दंडात सुया टोचल्या,
आता साखरेसाठी रोज स्वतःच्या बोटात टोचते.
केळुसकर, वनखातं.
बोलता बोलता उठतात
आणि कॅफेटेरियातल्या एकुलत्या कुंडीला पाणी घालतात.
दगडू सोनकांबळे, पाटबंधारे.
त्यांचं पेन्शन मार्चपासून बंद आहे,
कारण कागदावर ते वारले.
"कुणाच्या सहीनं वारलो तेवढं तरी कळू द्या,"
म्हणतात, आणि चहात बिस्कीट बुडवतात.

मी लातूरच्या कोषागारात होते, चौतीस वर्षं.
म्हणून वही माझ्याकडे.
नाव, खातं, पीपीओ नंबर, बँक,
दाखला कधी दिला, भत्त्याचा फरक आला का.
शेवटचा रकाना मी मागाहून आखला:
या आठवड्यात आवाज ऐकला का.

अर्ज कसा मरतो ते मला ठाऊक आहे.
पोच घेतली नाही तर तो जन्मालाच येत नाही.

यंत्राला सोनकांबळ्यांचा अंगठा कळत नाही.
कालव्याची दारं उघडता उघडता रेघा गेल्या.
मग केळुसकरांच्या नातवानं फोन समोर धरला.
डोळे मिचकवा, म्हणाला फोन.
मिचकवले.
पुन्हा मिचकवा.
आम्ही सगळेच नकळत मिचकवत होतो.
फोननं कुणालाच ओळखलं नाही.

तेव्हा ठरलं, वकिलातीत जायचं, आणि सगळ्यांनी जायचं.
एकट्या म्हाताऱ्याला 'उद्या या' म्हणता येतं,
सात जणांना खुर्च्या द्याव्या लागतात.

खिडकीतला मुलगा माझ्या धाकट्याच्या वयाचा.
कागद उलटवला, सुलटवला,
मान वर न करता म्हणाला, फोटोवर शिक्का नाही.

आणि मला रेणापूरची प्रयागबाई आठवली.
नवऱ्याच्या मागे मिळणारं पेन्शन, एसटीनं आलेली,
पदराच्या गाठीत घडी घातलेला अर्ज.
मीच म्हणाले होते, फोटोवर शिक्का नाही, सोमवारी या.
ती म्हणाली, बाई, मी समोर उभी आहे की.
मी म्हणाले, मला दिसतंय. कागदाला दिसत नाही.
मागच्या रांगेत कुणीतरी हसलं होतं.
माझं वाक्य मलाही आवडलं होतं.

ती सोमवारी आली नाही.
कुठल्याच सोमवारी आली नाही.
मी तिची फाईल नियमानुसार बंद केली.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही,
झुलेखालाही नाही.

"ते समोर उभे आहेत," मी त्या मुलाला म्हणाले.
आवाज जरा चढला असावा.
त्यानं वर पाहिलं. सोनकांबळ्यांनी टोपी काढली,
का काढली कुणास ठाऊक.
"बघतो," मुलगा म्हणाला.

'बघतो' म्हणजे काय
हे बघतो म्हणणाऱ्यापेक्षा मला जास्त कळतं.
मी पोच मागितली.
तारीख, सही, शिक्का. शिक्का जरा फिका उठला.
मी तो पुन्हा मारायला लावला.

आज पुन्हा शुक्रवार.
सोनकांबळ्यांच्या नावापुढे 'प्रलंबित',
त्यापुढच्या रकान्यात 'हो'.
केळुसकरांची कुंडी कुणीतरी उन्हात हलवली आहे,
त्यावरून थोडं भांडण झालं.
चहा आला. दहाला एक मिनिट, तिकडच्या घड्याळात.

झुलेखा लातूरचा नंबर लावते, फोन टेबलावर मधोमध ठेवते.
वाजतोय.
खिडकीलगतच्या टेबलावर, भिंतीकडच्या बाजूला
वाजत असणार.
सगळे श्वास धरून.
आणि माझा हात, माझ्याही नकळत,
तो उचलायला पुढे जातो.