दुसरा ठोका

बाबा सांतोसहून आले तेव्हा बॅगेत
आईसाठी फुलाफुलांचा टॉवेल, दाढीचा साबण,
आणि तळाशी लुंगीत गुंडाळलेली
पितळी चकत्यांची एक डफली.
"आपल्या दिमडीची सावत्र बहीण," म्हणाले.
आई म्हणाली, "हिचीच कमी होती."

मी अकरा महिन्यांची.
माझ्या जन्माची तार त्यांना बोटीवर मिळालेली:
दुसरीही मुलगी.
त्यातला तो 'ही'
पुढे ताईच्या फ्रॉकमधून, ताईच्या पुस्तकांमधून
बरीच वर्षं माझ्या मागे चालत आला.

शिवडीला, कोळसा बंदराच्या वळणावर आमची खोली.
बाबा सुट्टीवर असले की कॅसेट लागायची.
आधी कुणीतरी पोर्तुगीजमध्ये ओरडायचं,
मग तीस-चाळीस ढोल एकदम उंबऱ्यात.
शेजारचे परकारचाचा, त्याच बोटीवरचे भंडारी,
गाण्याचा अर्थ सांगायचे,
दर वेळी वेगळा.

सात वर्षांची असताना बाबांनी माझं मनगट धरलं.
"पहिल्यावर नाही गं, पोरी.
पहिल्यावर सगळेच आपटतात.
पहिला नुसता ठेवायचा, वात विझवल्यासारखा.
सांबाचं वजन दुसऱ्यावर.
दुसरा पडतो तेव्हा माणसं पाय उचलतात."
मोरीत भांड्यांचा आवाज थांबला.
कुणी काही बोललं नाही.

बाबा दर्यात नाही गेले.
केईएमच्या व्हरांड्यात, काविळीने.

मी शिधावाटप कार्यालयात लागले.
शिक्का शाईवर हलका, कागदावर जड,
शाईवर हलका, कागदावर जड,
दिवसाला चारशे कार्डं.
साहेब म्हणाले, "पावसेबाई, हात छान चालतो तुमचा."
मी म्हटलं, वडिलांचा आहे.

डफलीचं कातडं दोनदा फाटलं.
परळच्या तबलेवाल्याने शेळीचं चढवलं,
पैसे घेताना विचारलं, "हे आपलं नाही ना?"
काय सांगणार?
चकत्या तिकडच्या, कातडं तुमचं,
घाम हर्णैचा.
ब्राझील मी पाहिलेलं नाही.
नकाशात सांतोस अजून शोधावं लागतं.

आता शनिवारी बीपीटीच्या मैदानात
निळी पिंपं उलटी घालून अकरा मुली बसतात.
जोहराचा हात वाऱ्यासारखा.
छोटी किमया मात्र अजून पहिल्यावरच आपटते,
जीव खाऊन, जीभ बाहेर काढून.
मी तिचं मनगट धरते
आणि वाक्य अर्ध्यात सोडते.
पुढचं तिला माझ्या तोंडून नको,
पिंपातून ऐकू येऊ दे.

सोसायटीचे सेक्रेटरी मोकल
तक्रारीचा अर्ज घेऊन कुंपणाशी उभे.
आवाज, परीक्षा, म्हातारी माणसं, सगळं खरं.
बोलता बोलता त्यांची चप्पल
फरशीवर आपटते आहे.

पहिल्यावर.
होईल हळूहळू.