डोकं चालवू नका

नोव्हेंबरात, चर्चच्या मागच्या पायरीवर,
हातात अवजारांची पेटी, पायाखाली काळा पातळ बर्फ.
पडताना एकच काळजी वाटली,
पेटीतला स्वरकाटा वाकू नये.
तो नाही वाकला.

डॉक्टर हाल्मे म्हणाले, फोटोत काही दिसत नाही.
फुटलेलं नाही, सांडलेलं नाही.
फक्त हललंय.
मग मी करू काय?
डोकं चालवू नका, म्हणाले. पाय चालवा.
रोज वीस मिनिटं, घाम यायच्या अलीकडे थांबायचं.
स्क्रीन नको, वाचन नको, दारू तर नकोच,
आणि सॉना, सध्या नको.
हे ऐकून माझा भाऊ रेयो खुर्चीतून उठलाच,
जणू कुणी सांगितलं होतं,
आजपासून श्वास अर्धाच घ्या.

मग तोच बाटल्या आणायला लागला.
ट्रक चालवतो, नॉर्वेच्या सीमेपर्यंत एकटा.
वाटेत थांबला की कुणीतरी काहीतरी सांगे
आणि तो ते विकत घेई.
माशाचं तेल, मधाच्या रंगाच्या गोळ्यांत.
रात्रीसाठी मॅग्नेशियम.
ड जीवनसत्त्व, कारण कुओपिओत हिवाळ्यात
सूर्य अर्धवेळ नोकरीवर असतो.
आणि एक पांढरी पावडर, जी पहिलवान घेतात.
सात खणांची डबी, प्रत्येक खणावर वार,
डिझेलचा हिशेब लिहितो त्याच अक्षरात.

डॉक्टरांनी यादी वाचली. चष्मा काढला.
तेल घ्या, पण मासा खाल्लात तर जास्त बरं.
ही निम्मी करा. ही राहू द्या.
गुण येतो का, खरं सांगू?
पुरावा पातळ आहे.

पातळ.
पायरीवरचा बर्फही पातळच होता,
आणि केवढं काम करून गेला.

एकतीस वर्षं मी पियानो सुरात लावतेय.
आता चमचा बशीला लागला की दात शिवशिवतात.
फ्रिजची घरघर कानात बिऱ्हाड करून राहिलीय.
माझा स्वतःचा पियानो कोपऱ्यात,
दोन ब्लँकेटं पांघरून, म्हाताऱ्या घोड्यासारखा.
कॉफी आठ कपांवरून एकावर आली.
नऊला दिवे बंद.
एकदा मंगळवारी बुधवारचा खण उघडला
आणि रडले.
गोळीसाठी नाही.
अख्खा वार हातातून निसटला म्हणून.

चालायला मात्र जायची, गोठलेल्या तळ्यावर.
खाली बर्फ कण्हायचा, लांबवर, दाबून,
इतक्या खालच्या स्वरात
की तो कानांना नाही, गुडघ्यांना ऐकू यायचा.
तेवढा एकच आवाज कधी दुखला नाही.

फेब्रुवारीत एका रात्री सलग सहा तास झोप लागली.
रेयो म्हणाला, मॅग्नेशियम.
शेजारची आइला म्हणाली, चालणं.
डॉक्टर म्हणाले, बहुधा नुसता काळ.
मी कुणालाच खोटं पाडलं नाही.
झोप माझी होती,
श्रेय ज्याला हवं त्यानं न्यावं.

एप्रिलात पालिकेची यंत्रं निघतात.
हिवाळाभर बर्फावर टाकलेली खडी झाडून नेतात.
धुळीचे लोट, आणि निरोगी माणूसही
कानावर हात ठेवील असा खरखराट.
रेयो खिडकी लावायला धावला.
थांब, मी म्हटलं.
डोळे मिटून उभी राहिले, चौकटीला धरून.
दुखत होतं. पण दुखण्याच्या पलीकडे
आणखी काहीतरी होतं, बारीक, ओळखीचं.

उतरलाय, मी म्हटलं.
कोण उतरलाय? त्यानं खाली रस्त्यावर पाहिलं.
त्या यंत्राचा स्वर. केसभर उतरलाय.

तो माझ्याकडे बघत राहिला,
मग टेबलावरच्या डबीकडे.
गुरुवारच्या खणात गोळी तशीच होती.
सकाळीच घ्यायची, विसरले होते.
पाण्याचा ग्लास त्यानं हळूच पुढे सरकवला,
तळ टेबलाला लागू न देता.