कानाडोळा

त्या सोमवारी वरून हुकूम आला नाही.
हुकूम न येणं हाच हुकूम असतो,
हे हवालदार लअरबीला बावीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं.
कुठल्याशा राजधानीत एका राजदूताला
दारात ताटकळत ठेवलं होतं, म्हणे.
आणि इथे फनीदकच्या किनाऱ्यावर
कुंपणाचं टोक जिथे समुद्रात बुडतं
तिथे शिपाई चहा पीत बसले
पाण्याकडे पाठ करून.

पोरं उतरली.
कमरेला तेलाच्या रिकाम्या बाटल्या,
बुचं मेणानं लिंपलेली.
काही शाळेच्या गणवेशातच.
एकानं चपला दातांत धरल्या होत्या.
लअरबीनं मोजायचं नाही असं ठरवलं होतं,
तरी पायांच्या आवाजावरून मोजली:
चारशे बारा.
पुढचा आवाज ओळखीचा. डावा पाय जरा ओढत.
बहिणीचा झुहैर.
मान न वळवता तो म्हणाला,
‘आज पुदिना जास्त झालाय.’

गुरुवारी दोन मंत्री हसले.
टेबलावर दोन चिमुकले झेंडे,
मासेमारीचा करार, टोमॅटोवरची जकात,
आणि शेवटून दुसऱ्या ओळीत
‘सीमेबाबत सहकार्य’.
शिपायांनी तोंडं पुन्हा समुद्राकडे केली.
कवायत असते तशी, एका दमात.

त्या संध्याकाळी भरतीनं बाटल्या परत आणल्या,
कित्येक बुचांसकट.
लअरबी एकेक उचलायचा,
मेण नखानं खरवडायचा,
वास घ्यायचा.

बहीण कुठलं तेल वापरते
हेच त्याला आठवेना.