श्वासाची जागा

कोजे बेटावर, तिसऱ्या गोदीमागच्या शेडमध्ये
मी प्यॉन ओक-सूनच्या मनगटांना, खांद्यांना
सेन्सर चिकटवले.
एकतीस वर्षं वेल्डिंग. म्हणाली, घामानं सुटतील बघ.
सुटले.
परत चिकटवले.

चौदा दिवस ती पोलादाला टाके घालत होती
आणि शेजारी उभं राहून यंत्र शिकत होतं
गुडघा किती मोडायचा,
ठिणगी गळ्याशी आली तरी
मान कशी वळवायची नाही.

पंधराव्या दिवशी ते एकटं.
सांधा सरळ, समुद्राला फट सापडू नये असा.
फक्त शेवटचं बोटभर उरलं तेव्हा
त्याचे दोन्ही खांदे वर आले,
थांबले,
आणि काम संपल्यावर सावकाश खाली.

कुक साहेबांनी आलेखावर पेन टेकवलं :
हा गोंगाट आहे. काढ.
दर सांध्यामागे दोन सेकंद वाचतील.

ओक-सून काचेपाशी आली, हातात सातूचा चहा.
"गोंगाट कसला? तिथं मी श्वास धरते.
हात हलू नये म्हणून.
वस्तादानं कानाखाली वाजवून शिकवलंय."
मग यंत्राच्या छातीकडे बघत राहिली,
जिथं पंखा आहे आणि बॅटरी.
"काढा," म्हणाली. "त्याला काय करायचाय."
चहा तसाच ठेवून पाळीला गेली.

रात्री मी काढला.
दोन सेकंद वाचले, कुक साहेब खूश.
उजवा खांदा आता गप्प असतो.
डावा अजून उचलतो,
तांदूळभर.

अहवालात मी ते लिहिलेलं नाही.