सूतभर जागा

सोमवारी उपाध्यक्षाची निवडणूक.
अध्यक्ष बसवंत गुरव बेळगावात, दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर,
छातीत दोन स्प्रिंगा घातलेल्या.
म्हणजे यंदा 'उप' हा शब्द
दरवेळसारखा शोभेचा नाही.
सगळ्यांना कळतंय. बोलत कोणी नाही.

मी नीरगंटी. पाणी सोडतो.
व्हॉल्व्हपाशी बसलं की गाव आपोआप ऐकू येतं.
"यल्लूबाई सुतारीण? तिला कन्नड कुठं वाचता येतंय?"
"गुरवाला तरी कुठं येत होतं? पीडीओ बोट ठेवील तिथं सही."
"आपली हाय की, झालं तर."
"आपली कसली, सीट राखीव हाय म्हणून."
आणि गुरवानं खाटेवरून एवढंच विचारलं म्हणे,
"बैठकीत झोपत नाही न्हवं ती?"

मी पाहिलंय तिला
लाईटबिलाच्या पाठीवर
आपलं नाव कन्नडात गिरवताना.
मराठीत दोन ल शेजारी शेजारी बसतात,
तिकडं दुसरा ल पहिल्याच्या पायाशी.
"उपाध्यक्षच की हा," म्हणाली,
आणि खोडरबर शोधत हसली.

परवा रात्री बॅटरी घेऊन टाकीजवळ आली.
"दादा, हे बंद कुठून करायचं?"
बावीस वर्षांत
पाणी कधी सोडणार, आमच्या गल्लीला आधी का नाही,
हे हजारदा ऐकलं.
बंद करायचं मात्र
कुणीच विचारलं नव्हतं.

धीर करून बोललो,
"उद्या गुरवाचं काही बरंवाईट झालं तर?
पेलंल तुला?"
"वंगाळ बोलू नको," म्हणाली.
मग बराच वेळ गप्प.
खाली मलप्रभेकडं कुणाचा तरी पंप चालू होता.
"आमचे हे चौकट बसवतात न्हवं,
सूतभर जागा सोडतात.
पावसात लाकूड फुगतंय.
आधीच गच्च बसवलेलं दार
आषाढात उघडत न्हाई."

मी विचारलं एक, ती बोलली दुसरंच.
की तेच?
अजून नीट उलगडलेलं नाही मला.

सोमवारी अकरा जण हात वर करतील किंवा करणार नाहीत.
त्यांत माझा हात नाही.
मला साडेसहाला वरच्या गल्लीला पाणी सोडायचंय,
आणि खालच्यांच्या शिव्या खायच्यात.
तेवढा पाना मात्र
कुठल्या खिळ्याला असतो,
ते तिला दाखवून ठेवलंय.