नग एक

म्हापशाच्या ठाण्यात एकवीस वर्षं
दर निवडणुकीला हे हत्यार मीच जमा करून घेतलं.
नग एक. रिव्हॉल्वर, जुने. मूठ शिसवी, एका बाजूला चीर.
सुतळीनं चिठ्ठी बांधायची, पावती फाडायची,
निकाल लागला की परत.

फुर्ताद यायचा हळदोण्याहून
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून.
झाकण उघडलं की आधी डांबरगोळ्यांचा वास,
मग जुन्या बनियनची घडी,
मग ते.

आता फुर्ताद नाही.
एस्पेरांसबाय मला बोलावून घेते, चहा देते,
"बाब, तुम्ही इतक्यांदा हाताळलंय.
नऊ लाख म्हणतो हा पुण्याचा माणूस.
चड काय उणें?"

जास्त की कमी.
मला नंबर पाठ आहे. वजन हाताला ठाऊक आहे,
सोललेल्या नारळाहून थोडं जड.
किंमत मला कुणी कधी विचारलीच नव्हती.

पुण्याचा माणूस डोळ्याला भिंग लावतो,
बेल्जियमचा शिक्का बघतो, चक्र फिरवून
कान देतो, फणस थापटून ऐकावा तसा.
स्प्रिंग मूळची, म्हणतो. निळाई टिकलीय.
याच्या गोळ्या आता कुठे मिळायच्या नाहीत,
त्यानं काही बिघडत नाही, उलट बरंच.
ही चीर नसती तर बारा दिले असते.

चीर.
बैराला रेल्वेत गार्ड होता फुर्ताद.
रात्री मालडब्यात, पोत्यांमागे एक पोरगा सापडला.
यानं हे काढलं, हात थरथरला,
खाली रुळावर पडलं.
पावतीची शाई वाळेपर्यंत सांगायचा.
पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पोरगा सतरा-अठराचा होता.
पुढच्या निवडणुकीला चौदाचा.
पंचायतीच्या वेळेस, दहा असेल, म्हणाला.

शेवटच्या खेपेला मी विचारून बसलो:
पडलं, तेव्हा सुटली का?
म्हणाला, पावती द्या, माझी बस जाईल.
बस तर अजून लागलीसुद्धा नव्हती.

पुण्याचा माणूस मुठीवरून अंगठा फिरवतो,
बोटाच्या पेराएवढी ती जागा,
तीन लाखांनी स्वस्त.

बाय माझ्याकडे बघते आहे.
तिला ठाऊक असेल, नसेलही.
मी म्हणतो, नऊ ठीक आहेत, द्या.
परवानगीचा अर्ज मी लिहून देतो.
डबा मात्र देऊ नका,
चांगला आहे, झाकण घट्ट बसतं.