शिवणकाम

गॅल्व्हेस्टन, पोस्ट ऑफिस स्ट्रीट. जून १९००.
शिरगणतीचा कारकून टोपी मांडीवर ठेवून विचारतो,
"धंदा?"
मिसेस राउश म्हणते, "शिवणकाम."
"आणि या अकरा जणी?"
"त्याही."
तो मान वर न करता लिहितो.
गेल्या शनिवारी मागच्या जिन्यानं आला होता,
दीड डॉलर उधार ठेवून गेला.

घरात मशीन नाही. कात्री एकच,
तीही दिव्याच्या वाती कापायची.

ऑगस्टात ऑर्फा तापानं गेली.
शिंपी माप घ्यायला येईना.
मिसेस राउशनं दिवाणखान्याचा मखमली पडदा उतरवला,
पहाटेपर्यंत टाके घातले,
वाकडे, लांब,
गाठ विसरलेले.

सुई टोचलेलं बोट चोखत म्हणाली,
झाली की गं एक ओळ खरी.
दीड डॉलर तेवढा
यायचा राहिला.